थोरलीला आई म्हणायचं

शनिवार पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अगदी सोपा होता, आणि माधवला नेमका तोच आला नाही. या तुमच्या कोण, असं त्यांनी विचारलं. माधव म्हणाला, काकी. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, यांना स्वतःचं मूलबाळ कोणी नाही का. माधव म्हणाला, मीच की. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग शेजारी पदराचं टोक चाचपत बसलेल्या म्हातारीकडे पाहिलं. "दोघांनी मिळून एकदा नातं ठरवून घ्या," त्या म्हणाल्या, "मी तोवर दुसरा पेशंट बघते."

पेठेतला माणूस असता तर त्यानं तिथल्या तिथे तोडीस तोड उत्तर दिलं असतं. माधव पडला लोणी काळभोरचा. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर त्याचा आवाज चार गाळे पलीकडे जातो, पण डॉक्टर, वकील आणि मास्तर दिसले की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शेवटी त्याच्या बायकोनं, तनुजानं सांगितलं. या यांच्या जन्मदात्या आई. पण हे लहानपणापासून यांना काकी म्हणतात. आई म्हणायचे ते थोरल्या सासूबाईंना, त्या तीन वर्षांपूर्वी वारल्या. डॉक्टरीणबाई यावर काहीच बोलल्या नाहीत, आणि पेठेतलं माणूस गप्प बसलं म्हणजे त्याला लागलं असं समजायचं.

त्याचं झालं होतं असं. लोणीच्या सोजरबाईंना दोन मुलगे. थोरला दत्तोबा, त्याची बायको हिरा. धाकट्याची बायको मैना. हिराच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती. गावातली माणसं दत्तोबाला दुसरी बायको सुचवायला लागली होती. एकानं तर मुलगी बघूनसुद्धा ठेवली होती. दुसऱ्याच्या संसाराची काळजी वाहण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार. अशात मैनाला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी सोजरबाईंनी पाळण्यातून पोर उचललं, थोरलीच्या ओटीत घातलं आणि जमलेल्या बायकांना सांगितलं की हे पोर थोरलीला आई म्हणेल, धाकटीला काकी. ना कागद, ना दत्तकविधान. घर तेच, चूलही तीच. नुसता एक शब्द इकडचा उचलून तिकडे ठेवला आणि दुसऱ्या बायकोचं बोलणं तिथल्या तिथे मिटलं.

मैनाला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती. हिराला ती अक्का म्हणायची, आणि नव्या नवरीपणात अक्कानंच तिला पाठच्या बहिणीसारखं सांभाळलं होतं. अक्काचा संसार मोडताना तिला समोर दिसत होता. तिनं मान हलवली, आणि त्यानंतर पन्नास वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. पोराला दूध तिचंच. त्याची दुपटी तिनंच धुतली. सोजरबाईंचा एक नियम मात्र कडक होता. पोर 'आई' म्हणून रडायला लागलं तर थोरलीनंच उचलायचं. धाकटीनं हात लावायचा नाही. पोराला दोन्हीकडची सवय लागली तर ते धड कुणाचंच होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तो नियम माधवला चांगला आठवतो. तो अंगणात पडायचा, गुडघे फुटायचे, 'आई गं' म्हणून भोकाड पसरायचा. दोन हातांवर काकी भांडी घासत असायची. ती ताडकन उठायची, राखेनं माखलेले हात पुढे करून एक पाऊल टाकायची आणि तिथंच थांबायची. मग घराकडे तोंड करून हाक मारायची, "अक्का, तुमचं पोर रडतंय. या लवकर." अक्का धावत यायची, उचलायची, पदरानं डोळे पुसायची. काकी परत भांड्यांपाशी बसायची. काकीच्या पोटात माया नाही, असं पाच वर्षांच्या माधवनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पोटात माया नाही म्हणे. आज आठवलं की त्याला आपलंच थोबाड फोडावंसं वाटतं.

अकराव्या वर्षी शाळेतल्या एकानं भांडणात त्याला खरं काय ते सांगितलं. तो धावत घरी आला आणि गोठ्यात शेण भरणाऱ्या काकीला विचारलं, तू माझी आई आहेस का. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या जन्मात तेवढी एकच. आई घरात हाय, परत असलं बोललास तर बघ, असं म्हणाली, आणि त्या रात्री पोट दुखतंय सांगून जेवली नाही. माधवनं परत विचारलं नाही. विचारायची गरजही उरली नव्हती. मैनाचा नवरा त्याच्याही आधी गेलेला, तिला दुसरं मूल झालं नाही. म्हणजे आई म्हणून हाक मारेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते तिच्याच घरात, तिच्याच हातची भाकरी खाऊन, दुसरीला आई म्हणत होतं.

हिरानं त्याला काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं. तिनं जीव ओवाळून टाकला. वाईट बाई असती तर माधवचं काम सोपं झालं असतं. तसं झालं नाही.

हिरा गेली तेव्हा माधव पन्नाशीचा होता. तेराव्याची माणसं पांगल्यावर काकी स्वयंपाकघरात एकटीच तांदूळ निवडत बसली होती. तो जाऊन शेजारी बसला. शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्याच्या मनानं खोडा घातला. अजून आईची राख थंड झाली नाही आणि तू तिचा शब्द उचलून दुसरीला देणार? लोक काय म्हणतील ते राहू दे, ही समोरची बाईच काय म्हणेल? वर्ष जाऊ दे, वर्षश्राद्ध झालं की रीतसर म्हणू. असं स्वतःला सांगून तो उठला, आणि आपण फार शहाणपणानं वागलो असं त्याला वाटलं. माणसाचा चांगुलपणा त्याला कधी कुठं नडेल, सांगता येत नाही.

त्या वर्षात त्यानं काकीला बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आणलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं मांडली तेव्हा ती दाराकडे बघत बसून राहिली. अक्का कुठं गेल्यात, त्यांना बोलवा, त्यांच्या आधी मी पानावर कशी बसू, असं विचारायला लागली. नातेवाईक म्हणाले, दुःखानं बोलते बिचारी. तनुजाला तेव्हाच शंका आली. मग एकेक नाव गळत गेलं. आधी नातीचं, तेजस्विनीचं. मग तनुजाचं. सगळ्यांत शेवटी माधवचं. गेल्या दिवाळीपासून तर ती त्याला केव्हाच वारलेला दत्तोबा समजायला लागली होती. माधव खोलीत आला की लगबगीनं उठायची, डोक्यावरून पदर ओढायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. थोरल्या दिरासमोर बसायचं कसं. पोटचा मुलगा पुढ्यात आणि ती त्याच्यापुढे पदर घेऊन उभी. हे रोज बघायचं म्हणजे खायचं काम नाही.

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली आणि ती थोडी थोपवतील, परत काही आणणार नाहीत, हे स्पष्ट सांगितलं. सवयीची हाक मारा, म्हणाल्या, सवयीचं काम हातात द्या. "आणि परीक्षा घेऊ नका. मी कोण, ओळखा पाहू, हे खेळ लोक फार करतात. पेशंट दमतो आणि यांच्या पदरात काही पडत नाही." माधवनं मान डोलावली आणि यातलं काही एक ऐकलं नाही. त्याला एकच हवं होतं. सगळं पुसून जायच्या आधी एकदा तिला 'आई' म्हणून हाक मारायची आणि तिनं 'ओ' द्यायची. एक 'ओ'. त्याच्यापुढे त्याला काही नको होतं.

तेजस्विनीला यात अवघड काय आहे तेच कळत नव्हतं. ती खराडीला आयटीत आहे, तिचं सगळं सरळ असतं. "बाबा, तू उगाच ओव्हरथिंक करतोस," ती म्हणाली. "जा आणि म्हण. लिटरली दोन अक्षरं आहेत." दोन अक्षरं खरी, पण त्रेपन्न वर्षं दुसरीकडे वळलेली. माधवनं गाळ्यावर, कांद्याच्या पोत्यांमागे उभं राहून सराव केला. हळू आवाजात म्हणून बघितलं, मग जरा मोठ्यानं. शेजारच्या गाळ्यावरच्या यज्ञेश्वरनं ते ऐकलं आणि काळजीनं विचारलं की पायावर काही पडलं का. माधव हो म्हणाला आणि दिवसभर उगीच लंगडत राहिला.

एका सकाळी ती बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. हाताला ते काम अजून येत होतं. माधव मागं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई." ती मेथी निवडत राहिली. तो परत म्हणाला. तिनं मान न वळवता सांगितलं, "आई रानात गेलीया. येईल आता, रडू नको." माधव रडत नव्हता. तो तसाच गाळ्यावर गेला आणि त्या दिवशी हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांशी भांडला.

पण खरी अडचण पुढेच होती. तिनं जेवण टाकलं. अक्का जेवल्याशिवाय धाकट्या जावेनं जेवायचं नाही, ही लोणीच्या घरातली रीत तिच्या डोक्यात पक्की बसली होती, बाकी सगळं निसटलं तरी. तनुजा रोज सांगायची की अक्का जेवल्या, आता तुम्ही घ्या. कधी ते चालायचं, कधी नाही. माधव खोलीत असेल तर हातातला घासही खाली जायचा, कारण थोरल्या दिरासमोर खायचं नसतं. म्हणजे काय, आई उपाशी आणि पोरानं दाराआड उभं राहून नुसतं ऐकायचं, वाटी वाजते का, घास गिळल्याचा आवाज येतो का. मार्केट यार्डात ज्याच्या शब्दावर ट्रक रिकामे होतात, त्याला घरात वरणभाताची एक वाटी रिकामी करून घेता येत नव्हती.

डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, आणखी दोन दिवस बघा. पोटात गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळी उपसून काढतील, मग हात बांधावे लागतील. आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणू नका. माधवनं फोन ठेवला आणि बराच वेळ त्या राखेनं माखलेल्या हातांचा विचार करत बसला. हे हात पलंगाला बांधायचे.

दुसऱ्या दिवशी गाळ्याला सुट्टी होती. जेवायच्या वेळेआधी माधव न्हाणीघरात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठावर मिशी नव्हती. तीस वर्षांची, दत्तोबासारखी राखलेली भरघोस मिशी. तनुजानं तोंडावर हात ठेवला. तो म्हणाला, मिशीमुळेच ती मला दत्तोबादादा समजते, बघू आता. रोजचा पांढरा शर्टही त्यानं काढून ठेवला आणि तेजस्विनीचा कुठल्याशा कंपनीचा निळा टी-शर्ट घातला. पोट पुढे, ओठ उघडा. दुसरी वेळ असती तर तनुजा आठवडाभर हसली असती. त्या दिवशी तिनं मुकाट्यानं वाटीत मऊ भात कालवला, वर तूप घातलं आणि त्याच्या हातात दिली.

काकी पलंगाच्या कडेला बसली होती. माधव आत गेला आणि फरशीवर, तिच्या पायांशी मांडी घालून बसला. ती उठली नाही. पदरही घेतला नाही. ती त्याच्याकडे बघायला लागली. त्या उघड्या ओठाकडे, गालाकडे, डोळ्यांकडे. खूप दिवसांनी ती त्याच्याकडे अशी, मधे काही न घेता बघत होती. आपण जिंकलो, असंच माधवला वाटलं.

"आई," तो म्हणाला.

ती बघत राहिली.

"आई, मी माधव. आई." आणि इतकी वर्षं आवळून धरलेलं सगळं सुटलं. त्रेपन्न वर्षांचा, सहा फुटी बाप्या, मांडीवर भाताची वाटी घेऊन लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. त्याला थांबता येईना. आई, आई, एवढंच तोंडातून येत होतं.

मैनाचा चेहरा कासावीस झाला. तिचा हात उचलला गेला. सुरकुतलेला, हलका झालेला हात, तो त्याच्या गालाच्या दिशेनं आला, अगदी वीतभर अंतरावर आला. माधवनं डोळे मिटून गाल पुढे केला. हात आला नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा तिनं तो मागे घेऊन पदरात लपवला होता, आणि ती दाराकडे तोंड करून हाक मारत होती.

"अक्का, तुमचं पोर रडतंय. या लवकर. माधव रडतोय, अक्का."

माधव. गेल्या दिवाळीपासून हे नाव तिच्या तोंडून आलं नव्हतं. तिनं त्याला ओळखलं होतं, पुरतं ओळखलं होतं, आणि ओळखल्याबरोबर दुसरीच्या हवाली करून टाकलं होतं. तो सांगायला लागला की आई तूच, दुसरी कुणी नाही, सोजरबाई नाहीत, कुणी काही बोलणार नाही. ती ऐकेना. तिच्या समोर एक पोर रडत होतं आणि त्याची आई येत नव्हती. ती पलंगावरून उठायला लागली, तोल जायला लागला, हाका वाढत गेल्या. माधवनं धरायला हात पुढे केला तर ती अंग चोरून मागे सरकली.

तनुजा हात पुसत धावत आली. तिला दारात बघून मैनानं मोठा श्वास सोडला.

"आलात का," ती म्हणाली. "घ्या त्याला. कवापासनं तुमच्या नावानं रडतोय." मग खाली मान घालून म्हणाली, "म्या हात न्हाई लावला."

तनुजा जागच्या जागी उभी राहिली. मग तिला जे सुचलं ते तिनं केलं. ती फरशीवर नवऱ्याशेजारी बसली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माधवनं तो ठेवू दिला. मैना दोघांकडे बघत परत पलंगावर टेकली, आणि तिच्या चेहऱ्यावरची कासाविशी हळूहळू उतरली. घरातली रीत परत जागेवर बसली होती.

"अक्का, जेवलात न्हवं?" तिनं विचारलं.

"जेवले," तनुजा म्हणाली. "आता तू जेव. पोर भरवतंय तुला."

माधवनं टी-शर्टच्या बाहीनं तोंड पुसलं. भात गार झाला होता. वाटीत बोटं घालून त्यानं लहानसा घास केला. तो तिच्या तोंडापाशी नेला तर तिनं ओठ घट्ट मिटलेले. तो तसाच हात धरून बसला. मनात एकदाच, शेवटचं, तो 'आई' म्हणाला. मग घसा खाकरला.

"काकी," त्यानं हाक मारली.

"ओ, बाळा," ती म्हणाली, आणि तोंड उघडलं.

त्या दुपारी ती त्याच्या हातून अकरा घास जेवली.